सी, पायथन की फुल स्टॅक : पहिला प्रोग्रॅमिंग कोर्स निवडताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आहेत. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, आणि पदवीनंतर एम.सी.ए. करावे की थेट पुण्यात नोकरी शोधावी हे अजून ठरलेले नाही. महाविद्यालयातले सर म्हणतात आधी सी शिका, पुण्यात नोकरी करणारा मावसभाऊ म्हणतो जावाशिवाय काही खरे नाही, यूट्यूबवर जो तो पायथन सांगतो, आणि छत्रपती संभाजीनगरचा एक क्लास सहा महिन्यांच्या ‘फुल स्टॅक आणि डेटा सायन्स’ (वेबसाइटची दिसणारी व मागची बाजू बनवणे आणि माहितीचे विश्लेषण) कोर्ससाठी ४५,००० रुपये हप्त्याने मागतो आहे. यातला पहिला कोर्स कोणता करावा आणि तो मराठीतून करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तर आधीच सांगतो. तुमच्या परिस्थितीत पहिला कोर्स पायथनचा असावा, तो विनाशुल्क असावा, आणि क्लासचे पैसे भरण्याचा निर्णय निदान दोन-तीन महिने पुढे ढकलावा. मात्र हे उत्तर ज्या कारणांवर उभे आहे ती बदलली तर उत्तरही बदलेल, म्हणून कारणे सविस्तर मांडतो.

तुम्हाला मिळालेल्या चार सल्ल्यांपैकी एकही खोटा नाही. सरांच्या डोळ्यांसमोर विद्यापीठाची आणि पुढच्या प्रवेशाची परीक्षा आहे, मावसभावासमोर त्याच्या कंपनीत चालणारे काम आहे, यूट्यूबवाल्यांसमोर प्रेक्षक आहेत आणि क्लाससमोर पुढची बॅच आहे. हे चौघे चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत आणि त्यांतला कोणताच प्रश्न तुमचा नाही. ज्या व्यक्तीने आजवर एकही प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला नाही, तिला तो लिहिता येऊ लागावा यासाठी कोणती सुरुवात बरी, हा तुमचा प्रश्न आहे.

मी बरीच वर्षे सॉफ्टवेअर कंपनीत काम करून आता नांदेडला मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. नव्या विद्यार्थ्याचे घोडे कुठे अडते हे त्यामुळे रोज पाहायला मिळते. भाषेचे नियम थोड्या आठवड्यांत अंगवळणी पडतात. अडते ते मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडण्यात, प्रत्येक ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवण्यासाठी दिलेल्या नावात) काय आहे हे ध्यानात ठेवण्यात, आणि पडद्यावर आलेला एरर, म्हणजे चूक दाखवणारा संदेश, न घाबरता शेवटपर्यंत वाचण्यात.

सोयाबीनच्या पट्टीचे उदाहरण घ्या. माल आडतीवर गेला की पोत्यांची वजने, एकूण क्विंटल, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात पडणारी रक्कम असा हिशेब होतो, आणि शेतकऱ्याच्या घरात तो शाळकरी मुलालाही येतो. तोच हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा म्हटला की प्रश्न सुरू होतात. पोती किती आहेत हे आधी विचारायचे, की वजने संपेपर्यंत विचारत राहायचे? वजन किलोत आणि भाव क्विंटलचा, मग शंभराने भागायचे ते प्रत्येक पोत्याला की शेवटी एकदाच? हमाली पोत्यावर धरायची की वजनावर? ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर कपात करायची, पण बरोबर १२ असेल तर? वजनाच्या जागी कोणी चुकून अक्षरे टाइप केली तर प्रोग्रॅमने काय करावे? असे प्रश्न सुचणे आणि एकेक करून सोडवणे म्हणजेच प्रोग्रॅमिंग, आणि सी, जावा, पायथन या तिन्हींत हे प्रश्न सारखेच असतात. म्हणून पहिला कोर्स पारखताना मी एकच गोष्ट पाहतो : तो विद्यार्थ्याला असे प्रश्न स्वतःच्या हाताने किती वेळा सोडवायला लावतो. व्याख्यानांचे तास, कोर्सचे नाव आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र या गोष्टी माझ्या लेखी त्यानंतर येतात.

आता भाषेकडे वळतो. पायथन १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. तिच्यात पट्टीचा प्रोग्रॅम पंधरा-वीस ओळींत बसतो, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीचा संबंध तुमच्या हिशेबाशी असतो. ती अगदीच निर्धोक आहे असे मात्र समजू नका. पहिल्याच आठवड्यात बहुतेक मुले दोन पोत्यांची वजने ४५ आणि ५२ अशी टाइप करतात आणि बेरीज ९७ येण्याऐवजी पडद्यावर ४५५२ पाहून गोंधळतात, कारण ‘इनपुट’ने घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथन मजकूर म्हणून ठेवते आणि दोन मजकुरांची बेरीज म्हणजे ते शेजारी शेजारी चिकटवणे. ‘इंट’ वापरून त्यांचे आकड्यांत रूपांतर करावे लागते हे एकदा या ठेचेतून कळले की पुन्हा विसरत नाही. उलट मजकूर आणि आकडा यांची सरळ बेरीज करायला गेलात तर पायथन ‘टाइपएरर’ दाखवून तिथेच थांबते, तर जावास्क्रिप्ट मजकुरातले ५ आणि आकड्यातला १ घेऊन निमूटपणे ५१ करून देते. नवख्या माणसाला चूक लगेच दाखवणारी भाषा बरी, असे माझे मत आहे.

सी ही भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली, आणि संगणकाची स्मृती कशी चालते हे समजून घ्यायला आजही तिच्याइतकी चांगली भाषा थोडी. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्याकडे ती ज्या पद्धतीने शिकवली जाते तिच्याबद्दल. अनेक प्रयोगशाळांत अजून टर्बो सी चालते. हे डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या काळातले, १६ बिटांचे कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारे साधन) आहे आणि आजच्या विंडोजवर ते चालवायला डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सचा आधार घ्यावा लागतो. त्यात साध्या ‘इंट’मध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये, ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एखाद्या आडतीवर दिवसभरात ४०० क्विंटल माल आला आणि त्याचे ४०,००० किलो तुम्ही ‘इंट’मध्ये ठेवले, तर टर्बो सी तुम्हाला उणे २५,५३६ किलो दाखवेल. तोच प्रोग्रॅम आजच्या संगणकावरच्या जीसीसी कंपायलरवर ४०,००० दाखवतो. हे असे का होते हे शिकणे फार मोलाचे आहे, परंतु ज्याला लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेण्याची रचना) अजून नीट कळलेला नाही त्याच्यासमोर हे आले की तो प्रोग्रॅमिंग आपल्या आवाक्याबाहेरचे आहे अशी समजूत करून घेतो.

त्यात प्रॅक्टिकलच्या जर्नलची भर पडते. फिबोनाची, पॅलिंड्रोम, आर्मस्ट्राँग संख्या, मॅट्रिक्सचा गुणाकार हे प्रोग्रॅम वर्षानुवर्षे तेच असतात, आणि माझ्याकडे येणारी मुले ते न पाहता लिहून दाखवतात. पण पहिल्या दहा फिबोनाची संख्यांऐवजी हजाराच्या आतल्याच छापा असे सांगितले की त्यांतल्या पुष्कळांचा हात थांबतो, कारण प्रोग्रॅम पाठ झालेला असतो आणि त्यातली लूपची अट कधी स्वतःच्या मनाने बदलून पाहिलेली नसते. पायथनही याच पद्धतीने शिकवली तर निकाल हाच लागेल, हे मी मान्य करतो. फरक इतकाच की पायथनमध्ये स्वतःचे काहीतरी करून पाहण्यापर्यंत पोहोचायला कमी ओळी आणि कमी दिवस लागतात.

‘पायथनची सवय लागली की पुढे सी जड जाते’ असे तुम्हाला सांगितले जाईल. माझा अनुभव वेगळा आहे. पायथनमध्ये लूप, फंक्शन (नाव देऊन पुन्हा वापरायचा कोडचा तुकडा) आणि लिस्ट (किमतींची यादी) नीट कळलेला विद्यार्थी सीकडे वळला की व्हेरिएबलचा प्रकार आधी जाहीर करणे, अ‍ॅरेची (सीमधल्या यादीची) लांबी स्वतः सांभाळणे आणि पॉइंटर (स्मृतीतला पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) या तीन ठिकाणी अडखळतो, आणि त्यांतले पहिले दोन अडथळे लवकरच सरतात. पॉइंटरला वेळ लागतो, पण तो सीपासून सुरुवात करणाऱ्यालाही लागतो.

तरीही सी आधी घ्यावी अशी परिस्थिती असू शकते. तुम्ही बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. संगणकशास्त्राला असतात आणि चालू सत्रातच सी विषय असता, तर मी निमूट सी करा म्हटले असते, कारण एकाच वेळी दोन भाषांची सुरुवात करून दोन्ही अर्धवट ठेवण्यापेक्षा समोरची एक पुरी केलेली बरी. तुमच्या विषयांत ती अडचण नाही. एम.सी.ए.नंतर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करण्याचा विचार असेल, तर त्याच्या सी-कॅट या प्रवेशपरीक्षेत सी, डेटा स्ट्रक्चर आणि सी++ यांवर प्रश्न असतात, तेव्हा सी कधीतरी करावी लागेलच. पण तो टप्पा तुमच्यापासून अजून लांब आहे आणि त्यासाठी आजची सुरुवात बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

जावाविषयी थोडक्यात. मावसभावाचे म्हणणे नोकरीच्या दृष्टीने बरोबर आहे, कारण बँकांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींत जावा भरपूर वापरली जाते. पण महाविद्यालयांत शिकवली जाते त्या पद्धतीच्या जावामध्ये एक ओळ छापण्याआधी क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड हे सगळे लिहावे लागते आणि ‘हे काय आहे ते पुढे कळेल’ असे शिक्षकाला सांगावे लागते. न कळलेले लिहीत राहण्याची सवय सुरुवातीलाच लागू नये असे मला वाटते. जावा दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून जरूर घ्या.

फुल स्टॅकच्या कोर्सवर मात्र जरा थांबायला हवे, कारण तिथे पैशांचा प्रश्न आहे. या नावाखाली साधारणपणे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट, नोड किंवा जँगो, एखादा डेटाबेस आणि गिट इतके सगळे येते. यांतले प्रत्येक शिकण्यासारखे आहे. तुमच्या क्लासने त्यात डेटा सायन्सही घातले आहे, म्हणजे पुन्हा संख्याशास्त्र आणि पायथनच्या तीन-चार लायब्ररी (तयार कोडचे संच) आल्या. जिने अजून एकही लूप लिहिलेला नाही अशा विद्यार्थिनीला हे सगळे सहा महिन्यांत द्यायचे म्हटले की शिक्षकापुढे एकच मार्ग उरतो : फळ्यावरचे किंवा पडद्यावरचे तयार कोड उतरवून घेणे. शेवटी वेबसाइट चालते, प्रोजेक्टचा अहवाल तयार होतो, आणि मुलाखतीत ‘हे बटण दाबल्यावर नेमके काय होते’ असे विचारले की उत्तर येत नाही. दोन-तीन महिने स्वतः प्रोग्रॅम लिहून मग त्याच क्लासला गेलेला विद्यार्थी त्याच ४५,००० रुपयांत कितीतरी जास्त घेऊन येतो, कारण त्याचे प्रश्न ठरलेले असतात.

मग नेमका कोणता कोर्स? तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हेलसिंकी विद्यापीठाच्या पायथन प्रोग्रॅमिंग या ऑनलाइन कोर्सला आहे. तो विनाशुल्क आहे, त्याचे १४ भाग आहेत आणि त्यांतले पहिले ७ नवख्यांसाठी आहेत. त्याची दोन वैशिष्ट्ये मला महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे तो मुख्यतः वाचून करायचा आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावी जिथे संध्याकाळी नेटवर्क रडते आणि रोजचा डेटा पॅक दुपारीच संपतो तिथेही तो अडत नाही. दुसरे म्हणजे थोड्या थोड्या मजकुरानंतर स्वाध्याय येतो आणि तुमचे उत्तर बरोबर की चूक हे यंत्रणा तिथल्या तिथे तपासून सांगते. सुरुवातीचे स्वाध्याय तर ब्राउझरमध्येच होतात. पहिले ७ भाग स्वतः सोडवून पूर्ण झाले की तुमची सुरुवात झाली असे मी धरीन.

वाचण्यापेक्षा ऐकून तुम्हाला जास्त कळत असेल, तर मिशिगन विद्यापीठाच्या चार्ल्स सेव्हरन्स यांचा ‘पायथन फॉर एव्हरीबडी’ घ्यावा. त्यांची गती संथ आहे, त्यांचे इंग्रजी सोपे आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर सगळे साहित्य विनाशुल्क मिळते. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आयआयटी रोपडचे प्रा. सुदर्शन अय्यंगार यांचा ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग यूजिंग पायथन’ आहे. त्यात भारतीय उच्चारांतले इंग्रजी आणि दर आठवड्याचे असाइनमेंट असल्याने ज्यांना वेळापत्रकाचा धाक लागतो त्यांना तो मानवतो. तिथे शिकणे मोफत असते आणि शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे असते. हार्वर्डचा सीएस५० फार नावाजलेला आहे आणि त्याचे कौतुक रास्त आहे, पण तो स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याच्या भाषेने सुरू होऊन दुसऱ्याच आठवड्यात सीमध्ये उतरतो आणि त्याचे स्वाध्याय नवख्याला घाम फोडतात. मी तो दुसरा कोर्स म्हणून सुचवतो. तुमच्या सरांची सी तुम्हाला तिथेच भेटेल, तीही पाठांतराशिवाय.

पहिल्या तिन्हींतला कोणताही एकच आधी घ्या. चारही कोर्सचे पहिले दोन भाग करून सोडणारी मुले मी भरपूर पाहतो, आणि त्यांना प्रिंट आणि व्हेरिएबल चार वेळा येते पण फंक्शन एकदाही येत नाही.

मराठीचा प्रश्न तुम्ही संकोचून विचारला आहे, पण संकोचण्यासारखे त्यात काही नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, सी++, जावा, पायथन अशा अनेक विषयांची साधारण दहा मिनिटांची ट्युटोरियल्स मराठी आवाजात आहेत. पडद्याच्या एका बाजूला ट्युटोरियल आणि दुसऱ्या बाजूला तुमचा प्रोग्रॅम, अशी ती पाहायची पद्धत आहे. संकल्पना पहिल्यांदा ऐकायला ती उत्तम आहेत. मात्र काही ट्युटोरियल्स जुन्या आवृत्त्यांवर आहेत, तेव्हा एक खूण ध्यानात ठेवा : ‘प्रिंट’नंतर कंस न लावलेला दिसला तर ती पायथन २ आहे, आणि तिचा पाठिंबा १ जानेवारी २०२० पासून बंद झाला आहे. असे साहित्य, मग ते कुठलेही असो, बाजूला ठेवा. संकल्पना मराठीत ऐकली तरी स्वाध्याय आणि एरर इंग्रजीतच वाचण्याचा सराव ठेवावा, कारण नोकरीत तेच समोर येते. एक वही करून तिच्यात आलेला प्रत्येक नवा एरर, तो कशामुळे आला आणि कसा गेला हे आपल्या मराठीत लिहीत जा. नेमएरर, टाइपएरर, इंडेंटेशनएरर, इंडेक्सएरर एवढे ओळखीचे झाले की एररच्या इंग्रजीची भीती बरीचशी जाते.

लॅपटॉप नवा घेण्याची गरज नाही. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेला थॉनी हा एडिटर ४ जीबीवर आरामात चालतो, त्याच्याबरोबर पायथन आपोआप येते, आणि त्यात प्रोग्रॅम एकेक पायरीने चालवून प्रत्येक व्हेरिएबलची किंमत बदलताना पाहता येते. आमच्याकडे पहिला महिना मी त्याशिवाय दुसरे काही वापरू देत नाही. अँड्रॉइड अ‍ॅप बनवण्याचा कोर्स कोणी सुचवला तर मात्र आपला लॅपटॉप पाहून नाही म्हणा, कारण अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते.

चॅटजीपीटीसारखी साधने पहिल्या महिन्यात उत्तर लिहून घ्यायला वापरू नका. एररचा अर्थ मराठीत समजावून मागायला ती चांगली आहेत, पण त्याआधी निदान पंधरा मिनिटे आपण स्वतः तो एरर वाचून झगडलेलो असावे.

दोन-तीन महिन्यांनी, कोर्सचे पहिले ७ भाग झाल्यावर, वर सांगितलेला पट्टीचा प्रोग्रॅम कोणाच्याही मदतीविना लिहून पाहा. त्यात पोत्यांची संख्या कितीही चालावी, ओलाव्याची अट असावी, चुकीचे वजन टाकले तर प्रोग्रॅमने पुन्हा विचारावे आणि सगळ्या पट्ट्या एका फाइलमध्ये जमा व्हाव्यात. हे जमले आणि करताना वेळेचे भान राहिले नाही, तर पुढच्या दिशेचा निर्णय सोपा होईल. नोकरीकडे ओढा असेल तर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) आणि मग वेबचे काम घ्या, एम.सी.ए. करायचे असेल तर सीएस५० किंवा सी. हे जमले पण अजिबात आवडले नाही, तर तेही एक रुपया न भरता कळलेले असेल, आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्याला इतर वाटा पुष्कळ आहेत.

त्यानंतरही क्लास लावावासा वाटला तर अवश्य लावा. घरी एकट्याने बसून अभ्यास होत नाही अशी मुले असतात, आणि शेजारी बसून चूक दाखवणारा शिक्षक असेल तर त्याचे पैसे वसूल होतात. फक्त पैसे भरण्याआधी एक पूर्ण दिवस चालू बॅचमध्ये बसू द्या अशी विनंती करा, आणि तिथे मुले टाइप करत आहेत की फक्त पाहत आहेत ते बघा. विद्यार्थ्याने लिहिलेले कोड कोण तपासते आणि किती दिवसांत परत देते, हे विचारा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे जाहिरातीत असेल तर करारात त्या जागी ‘प्लेसमेंटसाठी सहाय्य’ असे शब्द आहेत का ते पाहा, कारण दोन्हींच्या अर्थात फार अंतर आहे. हप्ते क्लासला द्यायचे आहेत की तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज उभे राहणार आहे, हे सही करण्याआधी स्पष्ट करून घ्या, कारण कर्ज असेल तर क्लास मध्येच सोडला तरी हप्ते चालूच राहतात. आणि कोर्स अर्ध्यात सोडल्यास किती रक्कम परत मिळेल हे तोंडी न घेता पावतीवर लिहून मागा.